तीन नंबरच्या पिंपातली रेघ

सकाळी साडेदहाला तिने हेडफोन कानांवर चढवले आणि जिथे काहीही ऐकू यायला नको होतं तिथे तिला आयुष्यातला सगळ्यात ओळखीचा आवाज ऐकू आला. ओळखीचा म्हणजे किती, तर नवऱ्याच्या घोरण्यापेक्षाही. कारण घोरणं गेल्या काही वर्षांत बदललं होतं आणि हा आवाज तसाच होता. वरून सुरू होणारी बारीक शीळ, चाळीस सेकंदांत हळूहळू खाली उतरणारी, आणि अगदी तळाशी पोचल्यावर एक उचकी. मग शांतता. तिने घड्याळ पाहिलं नाही. चाळीसच असणार. हातातला चहाचा कागदी पेला किंचित दबला आणि थोडा चहा बोटांवर आला, बाहेरून दिसण्यासारखं झालं ते एवढंच.

"काय मॅडम, वाजतंय का नीट?" पक्कड म्हणाला. पक्कड म्हणजे चाचणी विभागातला तंत्रज्ञ. स्वतःच्या लग्नातही त्याच्या खिशात पक्कड होती असं संस्थेत सांगतात, आणि तो ते नाकारत नाही.

"वाजतंय."

"जॅक जुना आहे, म्हटलं खरखर येईल. आता तुमच्याशिवाय हे कानाला लावतंय कोण? बाकीचे सगळे चित्रं बघतात."

"हीटर कधी लागला रे?"

"आत्ताच की. उणे वीसला पोचलं तसा आपोआप लागला. का?"

"काही नाही. सहज."

सहज म्हणणाऱ्या माणसांबद्दल तिचं मत फारसं चांगलं नव्हतं. माणसांच्या नावापुढे मनातल्या मनात बारीक खुणा करायची तिला सवय होती. कोण 'खरं सांगायचं तर' म्हणून खोटं सुरू करतो, कोण दुसऱ्याची चूक सांगताना आवाज मऊ करतो, कोण मीटिंगमध्ये आधी बिस्किट घेतो आणि मग मुद्दा. 'सहज'वाल्यांची तिथे एक वेगळी यादी होती. आज त्या यादीत तिची स्वतःची भर पडली, आणि तिने ती इमानदारीने पडू दिली.

पिंप म्हणजे माणूस आत उभा राहील एवढी पोलादी टाकी. अशी पिंपं संस्थेत चार. त्यातली हवा काढून टाकायची, आतून गारठवायचं, आणि पुढे आकाशात जायचं आहे त्या यंत्राला आत कोंडून त्याचा छळ करून बघायचा. तीन नंबरच्या पिंपात आज नव्या यानाचा लाटा ऐकणारा डबा होता. डब्याच्या तारांना टोपणं घातलेली. म्हणजे बाहेरून काही ऐकायची सोयच नाही. बहिऱ्याच्या कानात बोळे. पिंपात आभाळ नव्हतं, इलेक्ट्रॉनांचे पट्टे नव्हते, ध्रुव नव्हते. होता तो डबा, त्याची बॅटरी, बॅटरीला ऊब देणारा हीटर, आणि दाराच्या रबरी कडेवर पक्कडने लावलेलं वंगण. आणि त्यात, वंगणाच्या आणि हीटरच्या शेजारी बसून, तिची रेघ, म्हणजे तिने कधीकाळी आभाळात शोधलेला तोच आवाज, शीळ घालत होती.

ती अजून दोनदा ऐकून उठली. पक्कडला म्हणाली, "चार वाजेपर्यंत थंडच ठेव. मीटिंगमध्ये लागेल." असं का म्हणाली ते तिला त्या क्षणी ठाऊक नव्हतं. काही ठरलं नव्हतं. हात पुढे करून ठेवावा आणि मग बघावं कशासाठी केला, तसं.

जिना उतरताना तिने कठड्याला हात लावला. एरवी ती लावत नसे. कठडा धरणारी माणसं म्हातारी, असं तिने चाळिशीत ठरवून टाकलं होतं आणि मग ते बदलायचं राहून गेलं होतं. जिन्यात फरशी पुसल्याचा वास होता. डोक्यात शीळ चालूच होती, पण तिचं लक्ष दाताकडे गेलं, उजवीकडच्या वरच्या. जीभ पुन्हा पुन्हा तिथे जात होती. दुखत नव्हता. नुसता होता.

पृथ्वीभोवती हजारो किलोमीटर उंचीवर इलेक्ट्रॉनांचे पट्टे आहेत, आणि तिथल्या इलेक्ट्रॉनला सरळ चालायची मुभा नाही. चुंबकरेषेभोवती गिरक्या घेत तो उत्तरेकडे जातो, ध्रुवाच्या बाजूला रेषा दाटल्या की मागे वळतो, दक्षिणेकडे जातो, तिथूनही वळतो. सेकंदभरात असं जाणंयेणं उरकतं, आणि ते करता करता तो हळूहळू पृथ्वीभोवतीही सरकत राहतो. तिने कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिला तिचे मोठे काका आठवले होते, जे शेवटची वर्षं दोन मुलांकडे आळीपाळीने राहिले आणि कुठल्याच घरात ज्यांची पिशवी पुरती उलगडली गेली नाही. या पट्ट्यांतून लाटा जातात. विजेच्या आणि चुंबकाच्या लाटा, विरळ वीजभारित वायूतून जाणाऱ्या. त्यांची कंपनं नेमकी माणसाच्या कानाच्या टप्प्यात पडतात, म्हणून यानाने पकडलेली लाट स्पीकरला जोडली की वाजते. कुठेतरी वीज पडली की तिची शीळ रेषेवरून घसरत येते. काही लाटा नुसत्या फुसफुसतात. काही पहाटेच्या बाजूला किलबिलतात, हजार पाखरं एकदम जागी झाल्यासारख्या. लाटेची गिरकी आणि इलेक्ट्रॉनची गिरकी जुळली की लाट त्याला झोक्यासारखी ढकलत नेते. काही इलेक्ट्रॉन इतके माजतात की यानाच्या पत्र्यातून आत घुसून त्याची अक्कल बंद पाडतात. काही वाटेवरून उडून खाली हवेत पडतात आणि संपतात. कोणती लाट कुणाला ढकलते, एवढाच प्रश्न. त्या एवढ्याशा प्रश्नावर तिची पस्तीस वर्षं गेली होती, आणि एकतीस वर्षांपूर्वी तिला त्याच्या उत्तराचा एक तुकडा सापडला होता. तो तुकडा म्हणजे रेघ.

कागदावर ती बारीक तिरकी रेघ दिसायची, म्हणून रेघ. जगात तिला लांबलचक नाव होतं. संस्थेत ती 'मॅडमची रेघ' होती. जुन्या यानाने ती वसंतात दोन महिने आणि शरदात दोन महिने ऐकली, मध्ये कधीच नाही. आणि तिथेच सगळं जुळून आलं होतं. दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमारास सूर्याकडून येणारा झोत पृथ्वीच्या चुंबकाला जास्त छळतो, हे तर आधीपासून माहीत. रेघ नेमकी तेव्हाच येते, म्हणजे ती आभाळाचीच. एवढी चांगली साक्ष कुठल्या साक्षीदाराने दिली असती? तिने या क्षेत्रातल्या प्रत्येक जाणत्याला हे दाखवलं आणि प्रत्येकाने मान डोलावली. कारण त्या क्षेत्रात मुरलेल्या माणसालाच हे पटण्यासारखं होतं. नवख्याला ऋतूचं कौतुक कशाला? फक्त नेमक्या त्याच महिन्यांत जुनं यान दर फेरीला पृथ्वीच्या सावलीत शिरायचं, गारठायचं आणि बॅटरीचा हीटर लावायचं, ही गोष्ट वीज विभागाची होती, आणि वीज विभाग दुसऱ्या मजल्यावर होता.

नव्या यानाचा हीटर त्याच जुन्या नकाशावरून बनवला होता. भरवशाचा म्हणून. एकदाही बिघडला नाही म्हणून.

नोंदवह्यांची खोली तळमजल्यावर, झेरॉक्सच्या मागे. तिथे आता कुणी बसत नाही. किल्ली मागितली तर पहारेकरी आधी दुसरीच देतो. तिने वही शोधली नाही, हात सरळ तिच्यावर गेला. त्या काळी संस्थेत एक रीत होती. रोजच्या फिती दोघांनी ऐकायच्या, वेगवेगळ्या वेळी, एकमेकांशी न बोलता, आणि प्रत्येक आवाजापुढे लिहायचं, आभाळाचा की यानाचा. दोन कान जुळले तर ठीक. नाही जुळले तर वरिष्ठाचा कान खरा. तिचा दुसरा कान म्हणजे नोंदकाका. पूर्वी तारखात्यात होते, कट्ट-कडकट्ट ऐकून लग्नं आणि मरणं उतरवून घ्यायचे. ते खातं आटलं तेव्हा इकडे आले. पदवी नव्हती. डोळे मिटून, पेन्सिल उभी धरून ऐकायचे, आणि आवाज ओळखला की पेन्सिल आडवी व्हायची. ती तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, नुकती परदेशात शिकून आलेली. त्या पेन्सिलीला हसायची, तोंडावर नाही, जेवणाच्या सुट्टीत.

पान निघालं. पहिला रकाना, नोंदकाकांचं गोल अक्षर: *यानाचा. हीटर?* दुसरा रकाना, तिचं तिरकं, घाईचं: *आभाळाचा.* शेरा: *दोन कान जुळले नाहीत. वरिष्ठांचं मत ग्राह्य.* तोही नोंदकाकांच्याच अक्षरात. आपल्या विरुद्धचा निकाल माणूस इतक्या व्यवस्थित अक्षरात लिहू शकतो, याचं तिला तेव्हा काही वाटलं नव्हतं.

आणि तरी ती आंधळेपणाने गेली नव्हती, हे स्वतःच्या बाजूनं मांडायला हवं. तिने मांडलं. ती दुसऱ्या मजल्यावर गेली होती, हीटरची वही मागितली होती. हीटर रेघेनंतर अकरा मिनिटांनी लागलेला. दर वेळी अकरा. जो नंतर येतो तो आधीच्याचं कारण कसा होईल? तिने हे नोंदकाकांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "बरं बाई." एवढंच. त्या 'बरं'मध्ये हार नव्हती, रागही नव्हता. नोंद घेतली, असा तो 'बरं' होता. मग शोधनिबंध छापला गेला, मग बढती, मग परदेशची निमंत्रणं. उचकीवर स्वतंत्र अकरा पानं लिहिली गेली: इलेक्ट्रॉनांचा थवा लाटेची साथ सोडतो तो क्षण म्हणजे उचकी. तिच्या एका विद्यार्थ्याने त्या उचकीवर पीएच.डी. केली. तो आज संस्थेचा प्रमुख होता.

वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला कप्पा होता, परिपत्रकं ठेवायचा. तिला माहीत होतं काय निघेल. तरी तिने बाकीची आधी नीट बाजूला ठेवली, वेळ काढत. शोधनिबंधानंतर सहा महिन्यांनी आलेला अर्ध्या पानाचा कागद. वीज विभागाच्या नोंदींतल्या वेळा घटना घडल्याच्या नसून फितीवर चढल्याच्या आहेत. तरी त्या अकरा मिनिटं उशिराच्या धराव्यात. खाली सगळ्यांच्या आद्याक्षरी. तिचीही, हिरव्या शाईत. वाचलं, अशा अर्थाची.

तो दिवस तिला आठवत होता, हेच वाईट होतं. विसरली असती तर बरं झालं असतं. मुलीला ताप होता, शाळेतून फोन आला होता, कागद फिरत तिच्या टेबलावर आला, तिने 'अकरा' हा आकडा वाचला आणि काहीतरी टोचलं. चालताना चपलेत खडा आल्यासारखं. थांबून काढायचा की घरी जाऊन, एवढाच सवाल. तिने सही केली, पर्स उचलली, मुलीला आणायला गेली. ताप तीन दिवसांत उतरला. खडा मात्र पायाला सवयीचा झाला, आणि एकदा सवयीचा झाला की तो पायाचाच भाग. नंतर बघू, असं ती म्हणाली होती. कुणाला? स्वतःलाच. आणि स्वतःइतका सांभाळून घेणारा साहेब दुसरा नसतो.

फोन वाजला. नवरा. निवृत्त गणितशिक्षक, दुपारी दोनचा वरणभात दीडला आटपणारा.

"अगं, त्या पुस्तिकेवाल्याचा माणूस आलाय. तुझ्या निरोपाच्या. हॉलमधली रेघेची फ्रेम स्कॅनला पाहिजे म्हणतोय मुखपृष्ठासाठी. देऊ ना?"

"आज नको."

"का? काचेवर डाग आहे म्हणून? मी पुसतो ना."

"अहो, नको म्हटलं ना. उद्या बघू."

"बरं. चिडू नकोस. जेवलीस का? आणि हो, मी त्याला आईचा फ्रिजचा किस्सा सांगितला. पोट धरून हसला. म्हणाला, पुस्तिकेत टाकू."

तिने फोन ठेवला, मग पुन्हा उचलून पाहिला, खरंच बंद झालाय ना म्हणून. फ्रिजचा किस्सा. रेघ सापडली त्या आठवड्यात ती फीत घेऊन घरी आली होती. सासूबाई स्वयंपाकघरात मोठ्या चाळणीने पीठ चाळत होत्या. चौथी शिकलेल्या, पण घरातल्या प्रत्येक आवाजाचा हिशेब त्यांच्याकडे: नळ कुठला ठिबकतोय, कुणाच्या खोलीचं दार किती वाजता लागलं. तिने त्यांना आधी किलबिल ऐकवली. "अगंबाई, ही तर पहाटेची पाखरं," त्या म्हणाल्या, चाळणी थांबवून. मग रेघ. सासूबाईंनी मान तिरकी करून अख्खे चाळीस सेकंद ऐकली, उचकीसुद्धा, आणि म्हणाल्या, "हा आपला फ्रिज गं." सगळं घर हसलं. नवरा तर खुर्चीवरून घसरायचा राहिला. सासूबाई हसल्या नाहीत. "हसा, हसा," म्हणाल्या आणि पीठ चाळायला लागल्या. पुढे तिने हा किस्सा सात देशांत व्याख्यानाच्या सुरुवातीला सांगितला. हमखास हशा. सभागृह सैल व्हायचं, आणि मग ती गंभीर होऊन पहिलं चित्र लावायची. सासूबाई जाऊन बारा वर्षं झाली. त्यांच्या माघारी त्यांच्या वाक्यावर जगातले किती लोक हसले असतील, याची तिने कधी बेरीज केली नव्हती. आता केली. दोनेक हजार.

कँटीनमध्ये ती खिडकीशी बसली आणि जेवण न घेता ताक घेतलं. समोर लेखा विभागातले दोघे चमचे आपटत कुणाच्या तरी बदलीवर बोलत होते. तिने सगळं शांतपणे मांडून पाहिलं, अगदी दुसऱ्या कुणाचं प्रकरण असल्यासारखं. चार वाजता मीटिंग. नव्या यानातून खाली माहिती पाठवायची वाट अरुंद, म्हणून डबा ऐकतो त्या कंपनांच्या सहा पट्ट्यांपैकी चारच ठेवायचे. दोन कायमचे वगळायचे. तक्त्यावर सह्या झाल्या की पुन्हा बदल नाही. तक्त्यात पहिला पट्टा रेघेचा. वगळलेल्या दोघांत किलबिलीचा वरचा भाग, जो इलेक्ट्रॉनांना खरोखर माजवतो असं पलीकडच्या इमारतीतले तीन तरुण संशोधक दोन वर्षं घसा कोरडा करून सांगत होते आणि ती त्यांना दर वेळी गोडीत थांबवत होती.

आणि ती गप्प राहिली तर? तिथे तिला हसूच आलं, एकटीला, ताकाच्या पेल्यात बघत. गप्प राहिली तर कुणाला कळणार नव्हतं. चाचणीचा संगणक मिनिटभराची सरासरी घेतो. घसरणारी शीळ त्यात पसरून जाते, मर्यादेखाली येते, पुढे 'ठीक'चा शिक्का. कान आता कुणीच लावत नाही. यान वर जाईल, सावलीत शिरेल, गारठेल, हीटर लावेल आणि वसंतात, शरदात, अचूक चाळीस सेकंदांची रेघ खाली पाठवेल. उचकीसकट. एकतीस वर्षांनी, नव्या यंत्रावर, नव्या उंचीवर, मॅडमची रेघ पुन्हा सापडली. पेढे मागायला फोन येतील. खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं ताक संपवायचं, निवृत्तीपर्यंतचे दोन महिने काढायचे, हार घालून घ्यायचा. आयुष्यात इतकी सोपी गोष्ट तिच्यापुढे पहिल्यांदाच कुणी ठेवली होती, आणि ठेवणारा होता एक हीटर.

सोपेपणाचीच तिला भीती वाटली. पुण्यबिण्य काही आठवलं नाही. आठवलं ते एवढंच, की वर गेलेला तो डबा दर फेरीला स्वतःचंच पोट गुरगुरलेलं ऐकेल आणि खाली 'आभाळ, आभाळ' म्हणून कळवत राहील; आणि ती घरी हॉलमध्ये फ्रेमखाली बसून ते वाचत राहील, शेजारच्या खोलीत फ्रिज लागेल, आणि तिला उठून तो बंद करावासा वाटेल. रोज. जीभ पुन्हा दाताशी गेली. ताक संपलं होतं.

लिफ्टमध्ये प्रमुख भेटला. एकेकाळी तिच्या टेबलाच्या टोकावर बसून डबा खाणारा. आता केसांना रंग, चालण्यात बेताची घाई. चारचौघांत ती त्याला 'तुम्ही' म्हणे, लिफ्टमध्ये 'अरे'.

"मॅडम, चारला फार वेळ नाही लावायचा हं. सह्या आणि चहा. पहिला पट्टा तुमचाच, वादच नाही."

"अरे, तू शेवटचं कानाला कधी लावलंस?"

"कानाला? वीस वर्षं झाली असतील. का?"

ती 'सहज' म्हणणार होती. "चारला सांगते," म्हणाली.

चार वाजता टेबलाभोवती नऊ माणसं, बिस्किटांच्या दोन बशा. पक्कडने पिंपापासून तार ओढून कोपऱ्यातल्या स्पीकरला जोडली होती. तिच्या हातात आतला फोन, दुसऱ्या टोकाला पक्कड. तिचा आवाज नेहमीचाच निघाला याचं तिला नवल वाटलं.

"सह्यांआधी एक ऐकवायचंय," ती म्हणाली आणि स्पीकरचं बटण फिरवलं.

शीळ उतरू लागली. प्रमुखाच्या चेहऱ्यावर शाळेच्या जुन्या फोटोत स्वतःला ओळखल्यासारखं हसू आलं. उचकी आली तेव्हा त्याने नेमक्या क्षणी बोट टेबलावर टेकवलं. कोणीतरी टाळी वाजवली, दुसऱ्याने साथ दिली.

"कुठली फीत मॅडम? किती स्वच्छ!" प्रमुख म्हणाला.

"फीत नाही ही. तीन नंबरच्या पिंपातून येतंय. आत्ता."

कुणाला काही कळलं नाही. तिने फोन तोंडाशी नेला. स्पीकरवर नवी रेघ नुकती सुरू झाली होती. "पक्कड, हीटर बंद कर."

शीळ मध्येच तुटली.

"लाव."

वरून पुन्हा सुरू.

"बंद."

बशीत कुणीतरी अर्धं बिस्किट ठेवल्याचा आवाज झाला. पलीकडच्या इमारतीतल्या तिघांपैकी एकाने तोंड उघडलं आणि शहाणपणाने मिटलं. तिच्या मनातल्या वहीत त्याच्यापुढे एक चांगली खूण पडली. प्रमुखाने चष्मा काढला. चष्म्याविना तो पुन्हा डबा खाणारा मुलगा दिसू लागला, आणि ते तिला बघवेना.

"आणि उचकी?" त्याने हळू विचारलं.

"खटका. ऊब पुरेशी झाली की खटका पडतो."

"माझी पीएच.डी., मॅडम..."

"एका खटक्यावर आहे," ती म्हणाली. "पण चांगली लिहिलीयेस तू." चारचौघांत तिच्या तोंडून 'तू' गेला होता, आणि तो परत घ्यावा असं दोघांनाही वाटलं नाही.

मग कामाच्या गोष्टी झाल्या. वीज विभागाच्या अकरा मिनिटांचं परिपत्रक तिने टेबलावर ठेवलं, हिरवी आद्याक्षरी वर येईल असं. रेघेवर उभ्या असलेल्या एकवीस शोधनिबंधांची यादी ठेवली. त्यात पहिले सहा तिचे. हीटर बदलायला दहा दिवस. तक्त्यात रेघेचा पट्टा खोडला गेला, किलबिलीचा वरचा पट्टा आला. एकाने विचारलं, बाहेर काय सांगायचं? ती म्हणाली, "मी लिहीन. माझंच आहे." बाहेर पडताना प्रमुख तिच्याबरोबर चालत आला. "तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलं नसतं."

"हो ना. वर जाऊन त्याने मला पुन्हा बरोबर ठरवलं असतं."

तो हसला नाही. तिला बरं वाटलं.

वही बाहेर न्यायची नसते. तिने सही करून नेली. नोंदकाका बसने तीन थांब्यांवर, दुसऱ्या मजल्यावर, सुनेजवळ राहतात. सुनेने दार उघडलं, "मोठ्याने बोला हं, कान पार गेलेत त्यांचे," म्हणाली आणि पाणी आणायला गेली. काका खिडकीपाशी बसून चष्म्याची काडी दोऱ्याने गुंडाळत होते. ब्याऐंशीचे असतील. वही पाहिल्याबरोबर त्यांनी हात पुसले.

तिने पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं. जुन्या नोंदीखाली तिने दुपारी आजची तारीख घालून लिहिलं होतं: *दुरुस्ती. यानाचा. हीटर.* आणि सही. बसमध्ये तिने काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. इथे आवाज चढवून ओरडत 'माझं चुकलं' म्हणणं जमेना, म्हणून बोट ठेवून दाखवलं.

काकांनी तीनदा वाचलं. मग त्यांचं बोट सहीच्या शेजारच्या रकान्यावर थांबलं. "बाई, दुसरा कान रिकामाय."

"म्हणून तर आले. तुमचीच सही हवी. तुमचंच बरोबर होतं, काका!"

"ऐकवा मग."

तिने फोनवर पिंपातला आवाज घेतला होता. त्यांच्या कानात हेडफोनची बोंडं घातली, आवाज पूर्ण चढवला. बाहेर तिलाही शीळ ऐकू येत होती. काकांनी डोळे मिटले. हातात पेन्सिल नव्हती, तरी दोन बोटं उभी राहिली. चाळीस सेकंद गेले. उचकी झाली. बोटं उभीच.

"नाही येत काही," ते म्हणाले. बोंडं काढून त्यांनी फोनवर नीट ठेवली. "मी सही नाही करायचो."

"अहो काका, पण तुम्हीच तर..."

"तेव्हा ऐकलं होतं, तेव्हा लिहिलं. आज ऐकलं नाही, आज कसं लिहू?" जरा थांबून ते म्हणाले, "पक्कड आहे का अजून? त्याचे कान बरे होते."

"त्याला आता माहीत झालंय काय आहे ते!"

"मग नाही चालायचा. ज्याला काही सांगितलेलं नाही असा कान पाहिजे. असं कुणी आहे का, ज्याने काही माहीत नसताना ऐकलंय?"

सुनेने पाण्याचा पेला समोर ठेवला.

"होत्या," ती म्हणाली. मग काकांसाठी मोठ्याने, "होत्या! माझ्या सासूबाई!"

"काय म्हणाल्या?"

"फ्रिज म्हणाल्या!"

नोंदकाका हसले नाहीत. एकतीस वर्षांत हे ऐकून न हसलेला हा पहिला माणूस. त्यांनी मान एका बाजूला कलती केली आणि त्या शब्दाचा सरळपणे विचार केला. "म्हणजे यानाचाच," ते म्हणाले. "तारीख आठवते?"

फितीच्या डब्यावर लिहिलेली तारीख तिला पाठ होती.

"मग लिहा. त्याच दिवसाची घाला, आजची नको."

तिने पेन काढलं. दुसऱ्या कानाच्या रकान्यात तारीख लिहिली, पुढे *सासूबाई*, आणि शेऱ्यात *फ्रिज*. अक्षर तिरकं गेलं नाही. काकांनी वही स्वतःकडे वळवून घेतली, दोऱ्याचा चष्मा लावला, एकेक शब्दावरून बोट नेलं, आणि तिच्या हातातलं पेन मागून घेऊन सगळ्याखाली, गोल अक्षरात, लिहिलं: *दोन कान जुळले.*